संशोधन गावच्या वाचनालयात यावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी रंगभूमी दिन आला की सांगलीत विष्णुदास भावे यांचे स्मरण होते, 5 नोव्हेंबर 1843 च्या ‘सीता स्वयंवर’ या त्यांच्या नाटकाची उजळणी होते. पण त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून ‘भागवत’ नावाची नाटकमंडळी सांगलीत खेळ करायला आली होती. ते खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत तसे काही रचायला सांगितले. नाट्यसंशोधकांना हे पाठ आहे, आमच्या जत तालुक्यातल्या पोरांना मात्र कुणी सांगत नाही. तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुले कितीतरी आहेत. मराठी नाटकाच्या जन्मात आपल्या घरच्या भाषेचाही वाटा आहे, हे त्यांना कळलेच पाहिजे.

अशी माहिती जमवणाऱ्यांनी कष्टात कसूर केलेली नाही. धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा-खंडोबाची दैवते यांच्यासाठी गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षे महाराष्ट्रात हिंडले. त्यांचा मोठा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये निघाला. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात गजी ढोलावर नाचणाऱ्यांपर्यंत त्यातले किती पोचले? डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, तेही संकेतस्थळावर ठेवले. पीएच.डी.चे प्रबंधही ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर असतात. पण ते तिथे आहेत हे ठाऊक असलेला वाचक गावात शोधावा लागतो, आणि सापडला तरी प्रबंधाची भाषा त्याला दाद देत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या भाषा विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्या गावातून शब्द, गाणी, आठवणी गोळा केल्या, तिथे अभ्यासकाने काम संपल्यावर एकदा परत यावे, काय सापडले ते वाचनालयात बसून सांगावे आणि सोप्या मराठीतली दहा-बारा पानांची पुस्तिका तिथे ठेवावी. जतसारख्या भागात ती कन्नडमध्येही हवी. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचा तेवढा हक्क आहे. वाईच्या विश्वकोशाने अवघड विषय मराठीत मांडून दाखवले आहेत, तेव्हा हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये.

आपल्या दैनिकानेही अशा अभ्यासकांना आठवड्यातून अर्धा रकाना द्यावा. येत्या रंगभूमी दिनाला भागवतांच्या खेळांवर कुणी जाणकार जतला बोलायला येणार असतील, तर सभागृहाची आणि श्रोत्यांची जबाबदारी आम्ही वाचक घेऊ.

आपला,
एक वाचक, जत (जि. सांगली)