टबीथाच्या घरातले कपडे

प्रिय सोनू,

रविवारी फोनवर तू बोललीस ते डोक्यातून जात नाहीये. "प्रेषितांच्या काळात लंगडे चालायचे, मेलेले उठायचे, आणि आपल्या मंडळीत प्रीतिभोजनाच्या वाढपावरून भांडणं." भांडणाचं खरं आहे. त्या दिवशी मीही दोन शब्द जास्तच बोलले.

पण बायबलमधलं, येशूच्या प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक तू दुसऱ्या अध्यायातच मिटतेस. तिथे 3,000 जणांचा बाप्तिस्मा, घरोघरी भाकर मोडणं, मालमत्ता विकून गरजवंताला देणं, सगळं छान. सहाव्यात ये. रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलतात, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर! बारा प्रेषितांनी ती दाबली नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली. ती नावं बघ: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. कुरकुर ज्यांची, पळी बहुधा त्यांच्याच हाती गेली. संडे स्कूलमध्ये आम्ही ही नावं घडाघडा म्हणायचो, पण हे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता चमत्काराचं. मला सगळ्यांत जवळची वाटते ती नवव्या अध्यायातली यापो गावची टबीथा. ग्रीकमध्ये दुर्कस, म्हणजे हरिणी. ती आजारी पडून वारली. तिला आंघोळ घालून माडीवर ठेवलं, आणि बारा प्रेषितांतला पेत्र जवळच लोद गावात आहे असं कळल्यावर दोघांना त्याच्याकडे धाडलं. तो आला तेव्हा विधवा भोवती उभ्या राहून रडत होत्या आणि तिने केलेले अंगरखे नि कपडे त्याला दाखवत होत्या.

मी इथेच दर वेळी अडखळते. चाळीस वर्षं मशीनवर बसलेली बाई मी, मला त्या बायका दिसतात. एकीने बाही उलटून आतली शिवण दाखवली असेल, एकीने नुसता पदर पुढे केला असेल. टबीथाच्या तोंडचं एक वाक्यही हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दिलेलं नाही. तिची ओळख काय, तर हे कपडे.

मग पेत्राने सगळ्यांना बाहेर काढलं, गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि म्हणाला, "टबीथे, ऊठ." तिने डोळे उघडले. त्याने हात देऊन उठवलं आणि विधवांना बोलावून ती त्यांच्या स्वाधीन केली. पुढे कुणाला किती कपडे शिवले ते लिहिलेलं नाही, पण सुई परत हातात घेतली असणारच.

तू विचारतेस, आता असं का होत नाही? मला उत्तर येत नाही, आणि पाळकसाहेबांनी दिलेलं पटलं नाही. तुझे पप्पा दवाखान्यात होते तेव्हा मीही गुडघे टेकले होते. ते उठले नाहीत. पण तेरा दिवस आपल्या घरी चूल पेटली नाही, मंडळीतून येणारा डबा मात्र एकदाही चुकला नाही. वाढपावरून मी जिच्याशी भांडले ना, त्यातले चार दिवस तिचेच होते.

तिचं ब्लाउज माझ्याकडे शिवायला पडलंय. उद्या काजं करून मीच नेऊन देते. तुझ्या निळ्या कुर्त्याची बाही सैल केली आहे, शनिवारी पार्सल टाकते.

तुझी,
आई