गिरसप्प्याच्या राणीचे नाव का गाळता?

महोदय,

पर्यटन पुरवणीतील कर्नाटक किनाऱ्यावरचा लेख वाचला. गोकर्ण, मुर्डेश्वर, गिरसप्प्याचा धबधबा, सगळे त्यात आहे. नाही ती फक्त या किनाऱ्यावर १५५२ ते १६०६ अशी तब्बल ५४ वर्षे राज्य करणारी जैन राणी चेन्नभैरादेवी. याचे फार वाईट वाटले.

घाटातली मिरी शरावती नदीतून होड्यांनी होन्नावर बंदरात उतरायची आणि तिथून जहाजांवर चढायची. आले, दालचिनी, चंदन यांचाही व्यापार होता, पण खरा पैसा मिरीचा. १५१० मध्ये गोवा घेतलेल्या पोर्तुगीजांना ही मिरी आपल्याच भावाने आणि फक्त आपल्यालाच हवी होती. राणी सहजी वाकली नाही. वेळ पडली तेव्हा लढली, वेळ पडली तेव्हा तिने तह केला. १५६९ मध्ये होन्नावर हातचे गेले, तरी पुढे ३७ वर्षे तिने गादी राखली. पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. शत्रूने दिलेले हे नाव मला कोणत्याही बिरुदापेक्षा मोठे वाटते. शेवटी तिला हरवले ते शेजारच्या केळदीच्या नायकांनी, आणि त्यांच्याच कैदेत तिचा अंत झाला. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी तिकडे गेला, तेव्हा तिच्या राजधानीत, गिरसप्प्यात, रान माजले होते.

धर्माच्या छळामुळे गोवा सोडून आलेल्या कोकणी कुटुंबांना तिने आसरा दिला, असे तिकडे आजही सांगतात. हे तर मराठी वाचकांना कळायलाच हवे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या आम्हा जैन मंडळींच्या यात्रेच्या गाड्या दरवर्षी मूडबिद्री, कारकळला जातात. होन्नावरहून नदीच्या काठाने आत वळले की गिरसप्प्याची (गेरसोप्प्याची) चतुर्मुख बसदी, म्हणजे जैन मंदिर, आणि ज्वालामालिनीचे मंदिर आहे. पण तिकडे गाडी क्वचितच वळते. कुमठ्याजवळचा, तिच्या नावाशी जोडला जाणारा मिरजानचा किल्ला तर महामार्गाला लागूनच आहे. पुढच्या पुरवणीत या जागांची माहिती नकाशासह छापावी. यात्रा काढणाऱ्यांनीही एक मुक्काम होन्नावरला ठेवावा, म्हणजे बसदी सावकाश पाहता येईल.

– एक वाचक, कोल्हापूर