ड्रेस्डेनच्या राजवाड्यात भेटलेला औरंगजेब

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पोहोचल्यावर फोन करतो म्हणालो होतो, पण जे पाहिलं ते फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. परवा जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलो होतो. सॅक्सनीच्या राजांचा जुना वाडा आता संग्रहालय झालाय, तो बघायला. आणि तिथे वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत, मला औरंगजेब भेटला!

खरंच सांगतो. दीड मीटरभर रुंद चांदीचा चौथरा, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि सगळ्यात उंच जागी सिंहासनावर बोटभर उंचीचा बादशहा. खाली शंभराहून अधिक माणसं नजराणे घेऊन आलेली: हत्ती, घोडे, पालख्या, पेटारे. कुणी साष्टांग लोटांगण घातलंय. सोन्याची माणसं, त्यांवर मिन्याचे रंग, आणि हजारो हिरे. योहान मेल्खिओर डिंगलिंगर नावाच्या सोनाराने आपल्या भावांना हाताशी धरून १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं खपून हे घडवलं. राजाने त्याचे ५८ हजारांवर थालर (तिथली चांदीची नाणी) मोजले. विषय काय, तर दिल्लीच्या दरबारातला औरंगजेबाचा वाढदिवस.

डिंगलिंगरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. टॅव्हर्निये, बर्निये अशा प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने मनातला दरबार उभा केला. म्हणून काही माणसं चिनी वाटतात, काही नक्षी इजिप्तची. पण मला तिथून हलवेना, कारण डोळ्यांपुढे ती सालं होती. १७०१ म्हणजे पन्हाळ्याचा वेढा. १७०२ विशाळगड, १७०३ सिंहगड, १७०४ राजगड आणि तोरणा. ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा तेव्हा दिल्लीत कुठे होता? १६८१नंतर तो उत्तरेत परतलाच नाही. ताराबाईंच्या माणसांशी झुंजत, पावसाच्या चिखलात रुतलेल्या छावण्या घेऊन तो आपल्या सह्याद्रीत फिरत होता. एक गड घ्यायचा, पुढच्याला भिडायचं, तोवर मागचा हातचा जायचा. तोरण्याच्या झुंजार माचीवर आपण दोघं वाऱ्यात बसलो होतो ना, त्याच गडाचं नाव त्याने ‘फुतुहुल्घैब’ ठेवलं होतं. १७०७ साली नगरला त्याने डोळे मिटले. इकडे डिंगलिंगरचा दरबार पुरा व्हायला अजून वर्ष होतं.

हे सगळं ज्याच्या हौसेपायी झालं तो ऑगस्ट, लोक त्याला ‘बलवान ऑगस्ट’ म्हणतात. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, आणि पोलंडचाही राजा. १७०१ सालीच त्याच्या या वाड्याचा मोठा भाग आगीत जळाला होता. पण मला त्याची खरी मोठी गोष्ट वाटते ती पुढची. १७२३ ते १७२९ या काळात त्याने आपला खजिना ठेवायची तळमजल्यावरची दालनं खास सजवून घेतली आणि लोकांना बघायला उघडली. खांबांचे माथे हिरव्या रंगाचे होते, म्हणून त्या जागेला ‘हिरव्या कमानींची कोठी’ म्हणतात. युरोपातल्या अगदी पहिल्या संग्रहालयांत तिची गणना होते. राजाने खजिना कुलपात न ठेवता दाखवायला मांडला, याचं मला फार अप्रूप वाटलं. राजे गेले १९१८ साली, पण हा वाडा त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं अंशतः संग्रहालयच होता.

मग १३ फेब्रुवारी १९४५ची रात्र. बॉम्बवर्षावात शहर पेटलं आणि वाडा आतून जळून गेला, फक्त भिंती उरल्या. खजिना आधीच क्योनिगश्टाइनच्या डोंगरी किल्ल्यावर हलवला होता म्हणून वाचला. तो सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेला, १९५८ साली परत दिला. पण ठेवणार कुठे? वाडा चाळीस वर्षं बिनछपराचा उभा होता. पाडून टाकायची भाषाही झाली. काही जाणकार हट्टाने आडवे आले, म्हणून तो राहिला. १९८५च्या सुमारास बांधकाम सुरू झालं, २००४ साली वरची नवी दालनं आणि २००६ साली खालची जुनी कोठी उघडली. काम अजून पूर्ण संपलेलं नाही.

मोठ्या चौकात मी तासभर नुसता भिंती बघत उभा होतो. काळसर गिलाव्यावर चुन्याचा पांढरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून चित्र काढायचं, अशी तिथली जुनी पद्धत आहे. थर वाळला की हात थांबला. जुनी चित्रं बघून कारागिरांनी त्या भिंती नव्याने खरवडून काढल्यात. भिंतीपाशी गेलो तर खरवडल्याच्या कडा बोटाला लागतील इतक्या स्पष्ट दिसत होत्या.

चोरीचं तू वाचलं असशील. २५ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे चोर खिडकीचे गज कापून जुन्या कोठीत शिरले, हिऱ्यांचे दागिने घेऊन पळाले. बरेचसे २०२२ साली परत मिळाले, सगळे नाही. इथला प्रसिद्ध हिरवा हिरा, ४१ कॅरेटचा, तेव्हा न्यूयॉर्कला प्रदर्शनात होता. तो गोवळकोंड्याकडच्या खाणीतला मानतात. म्हणजे तोही आपल्या दख्खनचाच!

आता तुझ्याकडे एक मागणं. खुलताबादला तू काढलेला औरंगजेबाच्या कबरीचा फोटो असेल बघ, मातीची कबर, वर छत नाही, मधोमध सब्जाचं रोप. तो शोधून पाठव. इथून आणलेल्या दरबाराच्या चित्राशेजारी मला तो टेबलावर ठेवायचाय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश