माळ्यावरचं स्टँड, मोडकी सायकल आणि लेथवरचा एक तास : महिला ग्रामसंघाचं आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त सांगली, कुपवाड, पुणे, मुंबईला असलेली आपल्या गावची मंडळी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

आधी काय नको ते सांगतो. "शिवणवर्गाला मदत हवी" एवढाच निरोप ग्रुपवर गेला आणि लगेच काही जणांनी मोटारीची मशीनं देऊ केली. त्यांचे मनापासून आभार. पण आम्हाला मोटार नको आहे. आम्हाला पायमशीनच हवं आहे, फक्त ते पट्ट्याऐवजी गिअरवर आणि दोन्ही पायांनी चालणारं हवं आहे. तसं मशीन बाजारात तयार मिळालं नाही, म्हणून आपल्याच गावातल्या निवृत्त टर्नर-फिटर मंडळींनी त्याचा एक नमुना केला आहे. तो समाजमंदिरात चालू आहे, येऊन पाय लावून बघा. आता तसे २४ संच करायचे आहेत आणि त्यासाठी हे आवाहन.

मोटार का नको, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला लागू नये. पण बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ ला पुन्हा तोच घोर. त्या दोन्ही वेळी घरोघरी बायकांनी काय केलं? मशीनचं डोकं सोडवलं, चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. लोखंडी स्टँड जागेवरच राहिलं. पाणी उतरल्यावर स्टँड चिखलातून काढलं, तारेच्या ब्रशने घासलं, रॉकेल-तेल दिलं, नवी फळी बसवली की झालं चालू. मोटारी आणि त्यांचे पायातले रेग्युलेटर मात्र जे गेले ते गेलेच. शिवाय पाणी चढायच्या आधीच नदीकाठचे डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, बंद होतात आणि पाणी उतरल्यावर लाइट यायला किती दिवस लागतात ते आपण सोसलेलं आहे. नेमकं तेव्हाच शिलाईचं काम सगळ्यात जास्त असतं. कुणाची दप्तरं गेलेली, कुणाचे गणवेश, कुणाच्या सगळ्या वाकळा भिजून कुजलेल्या. पूर नसला तरी पावसाळ्यात वाऱ्याने तार तुटली की दिवस गेलाच.

"मग आहेत तीच पायमशीनं वापरा की," असं म्हणणारेही भेटले. त्यात चूक काही नाही, आजवर तेच चाललं. पण जिने दिवसभर पायमशीन चालवलंय तिला विचारा. आमच्यातल्या एक आक्का, वय साठीच्या पुढे, बैठकीत सरळ म्हणाल्या, "डोळ्यांचं काय न्हाई, सुई अजून ओवतीया. पर ह्यो उजवा गुडघा रात्री झोपू देत न्हाई."

त्याचं कारण मशीनच्या घडणीतच आहे. साध्या पायमशीनचं पायडल एका दांडीने मोठ्या चाकाच्या क्रँकला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याला, जोडलेलं असतं. पायडल खाली-वर झालं की चाक एक फेरा घेतं. चाक साधारण फूटभराचं आणि वर हातचाकाची खाच तीनेक इंचांची, म्हणून पायाच्या एका हालचालीला सुई चारेक टाके घालते. इथवर ठीक. पण प्रत्येक फेऱ्यात दोन जागा अशा येतात की दांडी आणि क्रँक एका रेषेत उभे राहतात. तिथे कितीही जोर लावा, चाक जागचं हलत नाही, नुसत्या वेगावर ती जागा पार करावी लागते. म्हणून तर सुरुवात करताना हाताने हातचाक ओढावं लागतं. नवशिक्या मुलीचं चाक हमखास उलटं फिरतं, खाली बॉबिनपाशी दोऱ्याचा गुंता होतो, सुई मोडते. जाड वाकळ किंवा जीन्सची शिवण आली की वेग मरतो, त्या अडलेल्या जागेवर पाय जोर करत राहतो आणि तो सगळा जोर घोट्यात-गुडघ्यात बसतो.

भर म्हणून तो चामडी पट्टा. उन्हाळ्यात ताठ, पावसाळ्यात दमट होऊन ढिला. मग क्लिप काढा, अर्धं बोट पट्टा कापा, पुन्हा क्लिप ठोका. चार वेळा कापला की पट्टा आखूड पडतो. तोवर तो घसरत असतो आणि आपला निम्मा जोर वाया जात असतो.

आता नमुन्यात काय केलंय ते जरा तपशिलात सांगतो, म्हणजे कोणतं सामान का मागतोय ते कळेल. एकाऐवजी दोन पायडलं केली. दोन्ही जुन्या ब्रेकच्या तारेने कप्पीवरून एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एक दाबलं की दुसरं आपोआप वर येतं, स्प्रिंगची भानगड नाही. प्रत्येक पायडलाची चेन सायकलच्या फ्रीव्हीलवरून (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवरून) जाते आणि दोन्ही फ्रीव्हीलं स्टँडच्या मोठ्या चाकाच्या आसावर बसवली आहेत. फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे आतले छोटे खटके, एकाच बाजूला धरतात, उलट बाजूला टकटक करत सुटतात. म्हणजे मशीन उलटं फिरणं संपलं. अडणारी जागाही संपली, कारण क्रँकच नाही. पाय अर्धाच दाबला तरी चालतं, पूर्ण दाबला तरी चालतं.

फ्रीव्हील १८ दात्यांचं, चेन अर्ध्या इंचाची, म्हणजे एक फेरा नऊ इंचांचा. एका दाबात साडेचार इंच चेन ओढली जाते, म्हणजे अर्धा फेरा. दोन्ही पाय मिळून एक. तिथून दुसरी चेन वर हातचाकाशेजारच्या गिअरपेटीत जाते. पेटीत ६० दात्यांचा मोठा गिअर आणि १५ दात्यांचा लहान, म्हणून वर चार फेरे, चार टाके. जुन्या मशीनइतकाच वेग, पण घसरण नाही आणि जोर दोन पायांत वाटलेला. आधी आम्ही जुन्या हातमशीनच्या हँडलमधली गिअरजोडी लावून पाहिली होती. ती चालते, पण एका फेऱ्याला तीनच टाके पडतात आणि तिचे ओतीव दाते असे खडखडतात की शेजारच्या खोलीतली शाळा बंद पडावी. म्हणून मोठा गिअर नायलॉनचा आणि लहान पोलादी असं ठरलं. आवाज आता कुरकुरीपुरता आहे.

एक अडचण मात्र नमुना चालवल्यावरच लक्षात आली आणि ती शिवणाऱ्या बायकांनीच दाखवली, फिटर मंडळींच्या ध्यानात ती येणं शक्य नव्हतं. कॉलरचं टोक शिवताना सुई कापडात रुतलेली असताना थांबायचं असतं, मग कापड वळवायचं. जुन्या मशीनला पायडलच घट्ट धरलं की चाक थांबतं. फ्रीव्हीलला ते जमत नाही. पाय थांबले तरी मोठं चाक आपल्या गतीने फिरत राहतं, सुई चार टाके पुढे जाते आणि कॉलर वाया. म्हणून आता उजव्या पायडलाच्या मागे टाचेने दाबायचा ब्रेक दिलाय, सायकलच्या ब्रेकचं रबर थेट चाकाच्या कडेवर घासतं. चार-पाच दिवसांत सवय होते. तोवर कॉलर शिवू नये हे बरं.

पुढचा टप्पा म्हणजे हीच चेन मशीनवरून काढून उन्हाळ्यात शेवयांच्या मशीनच्या हँडलला जोडायची, पिको-फॉलच्या मशीनला जोडायची, चाकू-कात्री लावायच्या सहाणेला जोडायची. तरुण मंडळातल्या एकाने पिठाची गिरणीही चालवू म्हटलं. तसं काही होणार नाही. बसल्या जागी पायाने तासन्तास देता येणारी ताकद पन्नास-पाऊणशे वॅटची. घरगुती गिरणीची मोटार एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट. दहा बायकांनी मिळून दळण दळायचं असेल तर जातंच काढलेलं काय वाईट?

आपल्या भागाला ही खटपट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना काढला, तीच किर्लोस्करवाडी. तिथून लोखंडी नांगर बाहेर पडले आणि आसपासच्या गावांत लेथवर हात बसलेली माणसं तयार झाली. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, साध्या खेडेगावच्या घरात चालवता यावा, बाईला सलग आठ तास फार न थकता काम करता यावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि तो वीस वर्षं टिकावा. त्यासाठी किर्लोस्करवाडीतही चरखा तयार झाला होता. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही, पण ती आठ तासांची अट आम्ही आमच्या मशीनला लावून घेतली आहे. आमच्या आक्कांना संध्याकाळी विचारायचं, गुडघा काय म्हणतोय. त्यांनी हात हलवला की पुन्हा पायडलाची उंची बघायची. सध्या ती दीड इंच खाली आणली आहे.

तर आता मागणं.

पहिलं, स्टँड. आईची, आजीची, सासूची शिलाई मशीन बंद पडून माळ्यावर, गोठ्यात, परसात पडली असेल तर तिचं लोखंडी स्टँड आणि मोठं चाक आम्हाला द्या. गंजलेलं चालेल, फळी नसली तरी चालेल, फक्त बिडाचा पाय तडकलेला नको, कारण बीड वेल्डिंगला नीट धरत नाही. डोकं चांगलं असेल तर तेही घेऊ, पण त्याआधी घरात विचारा. एका घरून मुलाने परस्पर मशीन आणून दिली आणि संध्याकाळी त्याची आई ती परत न्यायला आली. तिचं बरोबरच होतं. ती मशीन तिला लग्नात मिळालेली होती.

दुसरं, सायकलचं भंगार. फ्रीव्हील, चेन, ब्रेकच्या तारा, ब्रेकची रबरं. प्रत्येक संचाला दोन फ्रीव्हीलं लागतात. चेन ताणलेली असली तर निवडून वापरू, पण फ्रीव्हीलचे कुत्रे झिजलेले नकोत. हाताने उलटसुलट फिरवून बघा. एका बाजूला धरलं आणि दुसऱ्या बाजूला टकटक वाजलं तर द्या.

तिसरं, आणि हे पैशापेक्षा मोलाचं, मशीनवरचा वेळ. कुपवाड, माधवनगर, पलूसच्या औद्योगिक वसाहतींत आपल्या गावच्या कितीतरी जणांची स्वतःची वर्कशॉपं आहेत, बाकीचे तिथे कामाला आहेत. मोठा गिअर नायलॉनचा आणि लहान ईएन-आठ पोलादाचा, दोन्ही दीड मॉड्यूलचे (म्हणजे दात्याचं माप). गिअरचे दाते कापायचं हॉबिंग मशीन असणाऱ्या एखाद्याने रविवारी एक पाळी दिली तर बराच लॉट निघेल. आसाच्या दोन्ही टोकांना ६२०२ नंबरचं बेअरिंग बसतं, त्याचं टर्निंग कोणत्याही लेथवर होईल. ड्रॉइंग समाजमंदिरात लावलेलं आहे, फोटो काढून न्या. चुका दिसल्या तर सांगा, राग येणार नाही.

चौथं, पैसे. एका संचाला साधारण साडेचार हजार रुपये धरले आहेत. त्यात गिअरचं मटेरियल, बेअरिंगं, गिअरपेटीचा पत्रा, ग्रीस आणि नवी फळी आली. मजुरी धरलेली नाही, आमचे फिटर काका मंडळी चहावर काम करतात. २४ संचांचे १ लाख ८ हजार होतात. गटातल्या बायकांनी आपल्या बचतीतून ३० हजार उभे केले आहेत, राहिले ७८ हजार. कुणी एक पूर्ण संच देऊ शकलं तर उत्तम, पण शंभर-दोनशेचीही पावती मिळेल. संच ग्रामसंघाच्या मालकीचे राहतील. वापरायला ज्या घरात दिले जातील तिथे आधी एकट्या, शेतमजुरी करणाऱ्या आणि पुरात घर पडलेल्या बायका, असा क्रम बैठकीत ठरला आहे. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. आणि स्टँडवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागणार नाही. त्यावरून बराच वाद झाला, पण नाही म्हणजे नाही. जिने मशीन चालवायची तिने दिवसभर दुसऱ्याचं नाव बघत बसायचं का?

गिअरपेटी पूर्ण बंद असावी यावर आम्ही फार कटाक्ष ठेवला आहे. घरात रांगती पोरं असतात, साडीचा पदर असतो, बांगड्या असतात. चेनला खालपासून वरपर्यंत पत्र्याचं कव्हर हवंच. पत्रा वाकवायचं काम करणारा कुणी असेल तर त्याने जरूर कळवावं, सध्या ते काम हातोडीवर चाललंय आणि दिसतंयही तसंच.

सामान देण्यासाठी रोज संध्याकाळी पाच ते सात समाजमंदिरात कुणी ना कुणी असतं. सांगली, माधवनगर, कुपवाडची मंडळी आपापल्या भागातलं सामान एका घरी गोळा करून ठेवतील तर रविवारी टेम्पो येऊन घेऊन जाईल. डिझेल एका गावकऱ्याने कबूल केलं आहे. पैसे फक्त ग्रामसंघाच्या बँक खात्यातच भरावेत, खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे. व्हॉट्सॲपवर कुणीही क्यूआर कोड पाठवला तर तो आमचा नाही असं समजावं.

सामान अक्षय्य तृतीयेपर्यंत पोचावं. मृग निघायच्या आत निदान निम्मे संच घरोघरी गेले पाहिजेत, म्हणजे गणवेशाच्या शिलाईला ते हाताशी येतील. उरलेले बेंदरापर्यंत. त्यानंतर नदीचा भरवसा नाही.

आपल्या नम्र,
महिला ग्रामसंघाच्या सर्व सदस्या
आणि वर्कशॉप सांभाळणारी काका मंडळी