परसातल्या कोंबड्यांना शेड नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादळी पावसात परसातल्या कोंबड्यांची काळजी कशी घ्यावी, याविषयी कालच्या अंकात आलेला मजकूर वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. ‘शेडच्या चारही बाजूंना प्लास्टिकचे पडदे घट्ट बांधावेत’ ही त्यातली पहिलीच सूचना आमच्या वाडीत एकाही घराला लागू पडत नाही, आणि जिथे लागू पडेल तिथे ती घातक आहे. सोबतचे छायाचित्रही पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबड्यांचे होते.

आमच्याकडे कोंबड्या रात्री चिऱ्याच्या नाहीतर लाकडी खुराड्यात असतात, पिल्ले डालग्याखाली असतात आणि दिवसा सगळी आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, उकरत हिंडतात. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येते तेव्हा आधी हवा कोंडते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा गारव्याचा मुख्य मार्ग. अशा वेळी खुराडे सगळीकडून बंद केले, तर आत उकाडा आणि ओल्या विष्ठेचा अमोनिया साठून पक्षी गुदमरतात. पावसाचा मारा असेल त्या बाजूला माडाच्या विणलेल्या पात्यांचे झाप बांधावेत आणि विरुद्ध बाजूला वर वीतभर फट मोकळी ठेवावी, एवढे इथल्या कोणत्याही जाणत्या बाईने सांगितले असते. इशारा चक्रीवादळाचा असेल, तर मात्र खुराड्यावर भिस्तच ठेवू नये. वादळ पुढे सरकते तसा वारा दिशा बदलतो आणि तेव्हा बाहेर जाऊन झाप हलवणे शक्य नसते. पक्षी आदल्या संध्याकाळीच घरात आणून, खाली तूस पसरून, डालग्यांखाली ठेवावेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा मी हेच केले होते, म्हणून पडवीतल्या कोंबड्या वाचल्या. ज्या खुडूक कोंबड्या अंड्यांवरून हलवता येईनात, त्यांच्या खुराड्यावर शेजारचा माड पडला. मेलेले पक्षी त्या दमट हवेत ठेवणे शक्यच नव्हते. विहिरीपासून दूर खोल खड्डा करून, वर चुना टाकून आम्ही ते पुरले, आणि तेच योग्य होते. पुढे पंचनाम्याला माणसे आली तेव्हा मेलेल्या कोंबड्यांचे फोटो मागण्यात आले. वीज नाही, फोन बंद पडलेले, घराची कौले उडालेली, अशा स्थितीत कोणती बाई कोंबडीचा फोटो काढून ठेवील? आमच्या कोंबड्या कागदावर आल्याच नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत प्रति पक्षी १०० रुपये आणि एका कुटुंबाला कमाल १०,००० रुपये मदत ठरवली आहे. गावठी कोंबडी बाजारात कोणत्या भावाने जाते ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे, पण तेवढी रक्कम तरी मिळण्यासाठी काय जपून ठेवावे लागते, याबद्दल कालच्या मजकुरात एक ओळही नव्हती. अंड्यांचे पैसे हे घरातल्या बाईच्या हातचे पैसे असतात, ते गेलेले पंचनाम्यात कुठेही दिसत नाहीत.

खरे नुकसान वादळानंतरच्या आठवड्यांत होते. ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते, भिजलेल्या कण्यांना बुरशी येते. खुराड्यातला ओला तूस काढून कोरडा तूस आणि राख घालणे हे पडद्यांपेक्षा किती तरी महत्त्वाचे काम आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पावसाआधीच द्यायला हवी. तिची कुपी शंभर पक्ष्यांची असते, थंड ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या घराने ती एकट्याने आणावी कशी? वाडीवाडीत एक दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना एकत्र लस देण्याची सोय मे महिन्यातच व्हायला हवी. आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना हा प्रश्न विचारावा.

निदान चारही बाजू घट्ट बांधण्याची ती सूचना चुकीची असल्याचे उद्याच्या अंकात छापावे, ही विनंती. पाऊस तोंडावर आहे आणि छापून आलेले वाचून लोक तसेच करतील.

आपली,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी