नोटर डेमबद्दल तुझ्या प्रश्नाला उत्तर

शिकागो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मुलीला एलएल.एम.साठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठात पाठवावे का, आणि कॅथलिक विद्यापीठाचा शिक्का पुढे तिच्या वकिलीच्या आड येईल का, असे तू विचारले आहेस. शिक्क्याची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तिथे येणाऱ्या पाहुण्या वक्त्यांच्या नावांना तुम्ही बापलेक भुलाल याची.

नावे मोठी आहेत, हे खरे. २०२१च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि सॅम्युएल अलिटो दोन आठवड्यांच्या अंतराने तिथे बोलून गेले. तातडीच्या अर्जांवर सविस्तर युक्तिवादाविना जे आदेश निघतात, त्यांवरील टीकेला अलिटो यांनी त्या व्यासपीठावरून उत्तर दिले. न्यायाधीश आपल्याच न्यायालयाची वकिली करत होते आणि उलटतपासणी घेणारे समोर कोणी नव्हते, हे तुझ्या लगेच लक्षात आले असते.

करिअर घडते ते वेगळ्या वाटेने. आज तिथल्या सर्वोच्च न्यायालयात असलेल्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट १९९७ साली नोटर डेममधूनच कायद्याच्या पदवीधर झाल्या, अपील न्यायालयाचे न्यायाधीश सिल्बरमन आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्याकडे त्यांनी लॉ क्लार्क, म्हणजे न्यायाधीशाचा कायदेविषयक सहायक, म्हणून काम केले, आणि २००२पासून त्या नोटर डेममध्येच शिकवू लागल्या. २०१७ साली त्यांची सातव्या सर्किटच्या, म्हणजे इथल्या शिकागोच्या, केंद्रीय अपील न्यायालयावर नेमणूक झाली.  अशा नेमणुकांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, सिनेटची, मंजुरी लागते; त्या वेळच्या सिनेट सुनावणीत त्यांच्या कॅथलिक श्रद्धेवरून प्रश्न झाले, आणि वकिली हे साधन आहे, ध्येय ईश्वराचे राज्य उभारण्याचे, अशा आशयाचे त्यांचे २००६मधील पदवीदानाचे भाषणही पुढे चर्चेत आले. २०२०च्या ऑक्टोबरात त्या सिनेटच्या ५२ विरुद्ध ४८ मतांनी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आजच्या नऊ न्यायमूर्तींत हार्वर्ड वा येल येथून कायद्याची पदवी न घेतलेल्या त्या एकट्याच. आपल्याकडे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, कॉलेजियमच्या, बंद दाराआड एखाद्या वकिलाचे नाव का अडले हे बऱ्याचदा त्याला स्वतःलाही कळत नाही. इथे निदान हरकत तोंडावर घेतली जाते, मग ती कितीही पक्षीय असो.

तेव्हा मुलीला हे स्पष्ट सांग, की क्लार्कशिपची ही शिडी मुख्यतः तीन वर्षांची जे.डी., म्हणजे अमेरिकेतली कायद्याची मुख्य पदवी, घेणाऱ्यांची आहे आणि परदेशी नागरिकाला फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशाकडे अशी जागा सहसा मिळत नाही. शिवाय तिच्या मनात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायासन असेल, तर वकिलीच्या वाटेने जाणाऱ्याला आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयातील वकिलीची दहा वर्षे लागतात, आणि ती नोटर डेमच्या साऊथ बेंड गावी राहून भरत नाहीत. धर्मस्वातंत्र्याचा कायदा मनापासून शिकायचा असेल, तर मात्र तिने जरूर यावे. त्या विषयाचे अध्यापन तिथे उत्तम आहे. अर्ज करण्याआधी तिने मला फोन करावा, प्राध्यापकांची नावे मी सांगेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना वर्गमित्र