व्हॅनचं ॲव्हरेज

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू ॲव्हरेज विचारलंस, मी सांगितलं, आणि तू जो हसत सुटलास तो फोन कट होईपर्यंत. म्हणून आता सगळं बैजवार लिहून काढतोय, हसायचंय तर एकदाच हसून घे. तर हो, रिकामी असताना लिटरला चारेक किलोमीटर, मागं ट्रेलर असला की तीन, आणि समोरून वारा असला तर विचारूच नको. टाकी १३० लिटरची आहे. पंपावर मी आकड्याकडं बघतच नाही, काच पुसत उभा राहतो.

गाडी म्हणजे फोर्डची ई-३५०, २००१ ची, लांब बॉडीची पंधरा सीटर. इथं अमेरिकेत चर्चवाले, शाळा, एअरपोर्टची हॉटेलं सगळे हीच वापरायचे. २०१४ नंतर ही बंद बॉडीची व्हॅन कंपनीनं थांबवली आणि ट्रान्झिट आणली, ती युरोपी वळणाची, उंच, माणूस आत ताठ उभा राहतो, पण तसली घ्यायला माझा खिसा तेवढा उंच नाही. ही एका चर्चनं विकायला काढलेली. आत गेलो तर चार बाकं, मधल्या बाकाखाली वाळलेले च्युइंगम आणि एक लहान मुलाचा बूट. इंजिन ६.८ लिटरचं, दहा सिलिंडर, म्हणजे तुझ्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या अडीच पटीहून मोठं. चालू केलं आणि तिथंच घेतली, बायकोला नंतर सांगितलं. (त्या "नंतर" वर वेगळं पत्र होईल.)

तुला मेकॅनिकच्या नजरेनं सांगायचं तर इंजिन निम्मं बॉनेटखाली आणि निम्मं केबिनमध्ये घुसलंय, दोन सीटच्या मध्ये. एस्टीत ड्रायव्हरशेजारच्या गरम बॉनेटवर बसून आपण गारगोटीला जायचो ना, तस्संच. मागचे प्लग बदलायचे तर आतलं कव्हर काढून पॅसेंजर सीटच्या जागी गुडघे टेकून बसायचं. आणि प्लगचंच दुखणं. या काळातल्या इंजिनांच्या ॲल्युमिनियमच्या हेडला प्लगसाठी मोजून चारेक आटे, ते झिजले की प्लग बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. माझाही उडाला, तिसऱ्या महिन्यात, सिग्नलला उभा असताना, असा आवाज झाला की शेजारच्या गाडीतली बाई खाली वाकली. उद्यमनगरात कुणीही तासाभरात नवा बुश बसवून दिला असता आणि वर चहा पाजला असता. इथं एका गॅरेजनं अख्खं हेड बदलायला सांगितलं, तेवढ्या पैशात दुसरी व्हॅन आली असती. शेवटी आटे पाडायचं किट मागवलं आणि एका शनिवारी स्वतःच स्टीलचा बुश बसवला, टॅपला ग्रीस फासून, भुगा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून. अजून बसलाय, टच वुड.

मॉडिफिकेशनचं म्हणशील तर पहिलं काम बाकं काढायचं. जागेसाठी तर होतंच, पण भीतीपोटीही. या पंधरा सीटरबद्दल इथल्या रस्ता सुरक्षा खात्यानं २००१ मध्येच इशारा दिला होता की दहा किंवा जास्त माणसं बसली की ती उलटायचं प्रमाण कमी माणसं असलेल्या गाडीच्या जवळपास तिप्पट. कारण उघड आहे, बॉडी मागच्या चाकाच्या बरीच मागं लोंबते, आणि माणसं भरली की वजन वरही जातं आणि मागंही. तीन बाकं गेली, एक ठेवलं, मागं प्लायवूडचा पलंग, खाली खोकी. छताला पंख्यासाठी चौदा इंच बाय चौदा इंचाचं भोक पाडलं. सुन्या, चालू गाडीच्या धडधाकट पत्र्याला जिगसॉ लावताना पोटात जे होतं ते सांगता येत नाही. मागच्या पाट्यांना हेल्पर स्प्रिंग, चारही शॉक नवे, गिअरबॉक्सच्या ऑइलला मोठा कूलर आणि त्याचं टेंपरेचर दाखवणारा काटा. पडदे बायकोनं शिवले, ते सोडून बाकी काहीच तिला आवडलेलं नाही. गणपतीत मात्र सगळ्यांना आवडते, कारण मंडळाचे ढोल, मखर, स्पीकर एका फेरीत बसणारी दुसरी गाडी कुणाकडं नाही.

आता ट्रेलर. तुला वाटतंय ताकद मोठी म्हणजे ओढेल, झालं. मलाही तेच वाटायचं.

ट्रेलर सेकंडहँड, भरलेला २,५०० किलोच्या आसपास. पहिल्याच मोठ्या ट्रिपला निघालो, वायोमिंग राज्याकडं, आय-२५ हायवेनं. मी हुशारी करून जळाऊ लाकडं, दोन सायकली आणि पाण्याचे कॅन ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचले, म्हटलं हिचवरचा (व्हॅनच्या मागं ट्रेलर जोडायचा जोड) भार हलका राहील, व्हॅनला त्रास नको. शायेनच्या अलीकडं उघडं माळरान आहे, वारा म्हणजे नुसता सणसणीत. ताशी शंभरच्या आसपास होतो, एक ट्रक बाजूनं गेला आणि मागचा ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी थोडी, मग प्रत्येक झोक्याला जास्त, मग तो व्हॅनचंच ढुंगण इकडून तिकडं फेकायला लागला. पाय ब्रेककडंच जातो, पण व्हॅनचा ब्रेक दाबला की मागचा आणखी पुढं ढकलतो. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि डॅशखाली कंट्रोलर बसवलाय त्याची कळ हातानं दाबली, त्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून दोर ओढल्यासारखा तो सरळ झाला. पोरगी मागून म्हणाली, "बाबा, परत करा ना."

पुढच्या ट्रक स्टॉपला वजनकाट्यावर चढवला. हिचवर जेमतेम १५० किलो. अशा ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा, म्हणजे माझ्या हिशेबात २५० च्या खाली नकोच. तिथं उभा असताना आमचे आजोबा आठवले. गाडीत ऊस रचताना ओरडायचे ना, "उलाळ करू नका रे!" मागं भार झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास. अगदी तेच! आजोबांना जे बैलांकडं बघून कळायचं ते मला अमेरिकेत पैसे भरून काट्यावर कळलं. लाकडं पुढं घेतली, पाण्याचे कॅन व्हॅनमध्ये, सायकली पलंगावर. परतीला तोच वारा होता आणि ट्रेलर कुत्र्यासारखा मागं मागं आला.

हिचवर भार टाकला की व्हॅनचं बूड दबतं आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणून आता दोन्हीकडं स्टीलच्या दांड्या असलेली हिच घेतली, ती तो भार पुढच्या ॲक्सलवरही वाटते. आणि व्हॅनमध्ये काय भरलंय तेही त्याच हिशेबात मोजायचं, माणसं, पलंग, बॅटरी, सगळं.

चढाला काही वाटत नाही. आय-७० वर आयझेनहावर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट, तिथं हवा एवढी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद जाते. ही बिचारी बोंबलत बोंबलत ताशी साठनं चढते, मी उजव्या लेनला, इथं सावकाश गाड्या तिकडून जातात, लाज नाही. खरी परीक्षा पलीकडं सात टक्के उतार लागतो तेव्हा. गिअर लिव्हरच्या टोकाला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करायचं बटण आहे, ते उतार लागायच्या आधीच दाबायचं, दुसऱ्यात टाकायचं आणि इंजिनाला ओरडू द्यायचं. ब्रेक मारायचा तो दाबून आणि थोडा वेळ, मग सोडायचा, थंड होऊ द्यायचा. पाय ठेवून बसलास तर खाली सिल्व्हरथॉर्न गावाला पोचेपर्यंत ब्रेकचा वास नाकात. तू करूळ घाटात दुसऱ्यात उतरायचास आणि मी मागून "अरे पळव की" म्हणायचो, ते शब्द परत घेतो.

तुझा जुना ट्रॅव्हलर कॅम्पर करायचा विचार चांगलाय, पण कटर हातात घ्यायच्या आधी आरटीओत जा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सरळ सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. सीटं काढणं म्हणजेही आरसीत बदल, आणि इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी पहिलं तेच बघणार. आणि मागं ट्रेलर जोडायचं डोक्यातून काढ, आपल्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या काय नाचतात ते तू रोज बघतोस.

सप्टेंबरात येताय ते नक्की ना? मग येताना दोन घोंगडी आण, जाड, काळी, पट्टणकोडोलीच्या जत्रेत मिळतात तसली. मागच्या दारांच्या काचांना लावायचीत, रात्री तिथूनच गारठा शिरतो. माप पाठवतो, एक दार अजून नीट मोजलेलं नाही, बिजागरीपाशी गंज धरलाय तो आधी घासतो.

तुझा,
पद्या